लॅपटॉपची स्थळपाहणी

माणूस आणि यंत्र यांच्यात मालक कोण, हा आपल्या काळातला सर्वांत गंभीर प्रश्न आहे. आमच्या घरात तो दिवाळीच्या सुट्टीत सुटला. माझा पुतण्या पुण्याहून आला, फराळाची बशी घेऊन जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याने माझ्या बायकोच्या लॅपटॉपमधलं विंडोज काढून लिनक्स बसवलं.

"काका, आता हे मशीन खऱ्या अर्थाने तुमचं झालं," चकली मोडत तो म्हणाला. "आता कुठलीही कंपनी तुम्हाला हुकूम देऊ शकत नाही."

ते खरंही होतं. मार्च येईतो तो लॅपटॉप कोणाचंच ऐकेनासा झाला.

पुतण्याला दोष देण्यात अर्थ नाही. लॅपटॉप जुना होता, विंडोजने त्याला धाप लागायची, आणि लिनक्स घातल्यावर तो खरोखरच तरतरीत झाला. पुतण्याचा स्वभाव एवढाच की नळाचा वॉशर बदलला तरी तो त्यामागचं तत्त्व समजावून सांगतो. इंजिनियर आहे, तिशी ओलांडली आहे, ही खोड आता कमी होईल असं वाटत नाही.

मी खालापूरला महसुली वकिली करतो. सातबारा, फेरफार, वाटणी, बांधावरून झालेली भांडणं. राहतो कर्जतला, चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. बायको कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढीच ती शिक्षिका. सुट्टीत ती कोणी नाही, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही हे मे महिन्यात ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. असं करत तिच्या हाताखालून मुलांच्या इतक्या पिढ्या गेल्या की तिने शिकवलेला एक जण आता तिच्याच कॉलेजात कायम नोकरीत आहे आणि स्टाफरूममध्ये तिला खुर्ची देतो.

यंदा खालापूरजवळच्या एका कॉलेजात गणिताची कायम जागा निघाली. संस्थेच्या वयाच्या अटीत बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी अर्ज करायचा म्हटलं तरी कोणी घेणार नव्हतं. निवड समिती मुंबईत बसणार आणि उमेदवार जिल्हाभर विखुरलेले, म्हणून पाठ ऑनलाइन द्यायचा होता. एक विषय निवडा, समितीपुढे शिकवून दाखवा.

तिने शंकूचे छेद निवडले. शंकूला आडवं कापलं की वर्तुळ मिळतं, तिरकं कापलं की लंबवर्तुळ, आणखी कलतं धरलं की अन्वस्त. फळ्यावर हे काढताना मुलं जांभया देतात, कारण फळा सपाट आणि शंकू नाही. म्हणून तिने पडद्यावर फिरणारा शंकू तयार केला. डिजिटल पेनने रेघ ओढली की सुरी फिरल्यासारखा तो कापला जायचा आणि कापलेला भाग निळा होऊन बाजूला सरकायचा. गणिताशी माझं पूर्वीपासून बरं नाही, पण हे मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आणि नेमका तो शंकू फिरताना लॅपटॉप कोसळायला लागला.

आधी शंकू फिरता फिरता अडखळायचा. मग पडद्यावर आडवे पट्टे यायचे, वादळात पत्रे थरथरावेत तसे थरथरायचे, आणि सगळं काळं. आवाज मात्र सुरू राहायचा. सरावासाठी तिने एका मैत्रिणीला व्हिडिओवर बसवलं होतं. काळ्या पडद्यातून मैत्रीण म्हणत राहिली, "अगं, तू गेलीस. ऐकू येतेयस, पण गेलीस."

"मुलाखतीत असं झालं तर?" बायको म्हणाली.

"त्या दिवशी नाही होणार."

"हे तू अशिलांना सांगतोस तसं सांगू नकोस."

पुतण्याला फोन केला. त्याने रोगाचं नाव लगेच सांगितलं: ग्राफिक्सचा ड्रायव्हर. लॅपटॉपमध्ये चित्र काढणारी एक चिप असते, तिची भाषा बाकीच्या मशीनला कळत नाही. मधे एक प्रोग्राम बसतो, तो इकडचं तिकडे सांगतो. मी तहसील कचेरीच्या आवारात आयुष्य काढलंय. हा प्राणी मला वर्णनावरूनच ओळखू आला. त्याच्याशिवाय काम होत नाही, आणि तो आहे म्हणून होईलच असंही नाही.

शिवाय आमच्या लॅपटॉपमध्ये अशा चिपा दोन. एक साधी, पत्रं लिहायला आणि पेपर वाचायला. दुसरी दांडगी, शंकूसारख्या अवजड कामाला. रुसायची ती दांडगी.

मग उपचार सुरू झाले. पुतण्या फोनवर सांगायचा, मी एका काळ्या चौकटीत हुकूम टाइप करायचो, बायको माझ्या खांद्यावरून स्पेलिंग तपासायची. आधी सगळं अद्ययावत केलं. लॅपटॉप कोसळला. मग लिनक्सचा गाभाच एक पायरी मागचा घेतला, जुनं ते स्थिर असतं म्हणून. लॅपटॉप कोसळला. मग चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर काढून जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेला ड्रायव्हर घातला. हा पुतण्याच्या तत्त्वात बसणारा होता आणि तो सांगताना पुतण्याचा आवाज जरा गहिवरला. त्यावर लॅपटॉप कोसळला नाही. शंकूही फिरला नाही. म्हणजे फिरला, पण एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायला म्हाताऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ घेऊन.

"काका, पण तो स्वतंत्र आहे," पुतण्या म्हणाला.

"अरे, तिला लंबवर्तुळ हवंय," मी म्हणालो. कंपनीचा ड्रायव्हर परत आला.

लॅपटॉप स्वतःची एक नोंद ठेवतो. काय झालं, केव्हा झालं, सगळं. पुतण्याने ती वाचायला सांगितली. मी मोठ्या आशेने उघडली आणि मला माझ्या व्यवसायातला सर्वांत परिचित साक्षीदार भेटला: प्रश्न विचारायच्या आधीच बोलायला लागणारा, कोंबडं कधी आरवलं इथपासून सगळं सांगणारा, आणि मुद्द्याच्या ठिकाणी फक्त "मग भांडण झालं" एवढंच म्हणणारा. चिप पडली, तिला उठवलं, उठली नाही. का पडली? त्यावर मौन.

मग माझ्या मनाने संशयित शोधायला सुरुवात केली. उकाडा हा पहिला. कर्जतचा एप्रिल माणसालाच सहन होत नाही. मी टेबलफॅन लॅपटॉपकडे वळवला. घरातली माणसं घामाघूम झाली आणि लॅपटॉप गारेगार कोसळला. मग वीज. वायरमनने अर्थिंग तपासलं, उत्तम आहे म्हणाला, आणि आमच्या गीझरबद्दल दोन वाईट गोष्टी सांगून गेला.

शेवटी एका शनिवारी मी तो खोपोलीला शिळफाट्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने सुरू करून पाहिलं. त्याच्या काउंटरवर शंकू सकाळपासून फिरत होता तो मी दुपारी परत गेलो तरी फिरतच होता. येणारी गिऱ्हाइकं बघून जात होती.

"याला काय पण झालेलं नाय, साहेब," दुकानदार म्हणाला. "पण हे वेगळंच काय तरी दिसतंय. विंडोज टाकून देऊ?"

"नको."

"मग कशाला त्रास करून घेताय?"

मी लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला. सोमवारी खालापूरच्या माझ्या ऑफिसात नेला, तिथेही दिवसभर तो शहाण्यासारखा चालला. वाटणीच्या दाव्यातले एक काका वाट बघत बसले होते. त्यांनी बराच वेळ शंकू कापला जाताना पाहिला आणि विचारलं, "वरचा तुकडा बारका आला. तो कुणाच्या वाट्याला?"

"अजून वाटणी व्हायचीय," मी म्हणालो.

"मोजणी करून घ्या," काका म्हणाले. "नायतर नंतर लई त्रास हाय."

म्हणजे शिळफाट्यावर चालतो, खालापूरला चालतो, आणि कर्जतला घरी आणला की कोसळतो. पुतण्याने फोनवर विचारलं, "काका, घरात असं वेगळं काय आहे?"

"घरात आम्ही आहोत."

मुलाखत आठवड्यावर आली. कोणाचा तरी लॅपटॉप मागून आणायचा विचार झाला. दोन आणलेही. एक कंपनीने नोकरीत दिलेला होता, त्यात कंपनीच्या परवानगीवाचून काहीच घालता येत नव्हतं. दुसऱ्याने तिचं पेन ओळखायला नकार दिला. बायको चिडली नाही, हे मला जास्त लागलं. ती शांतपणे पुठ्ठ्याचा शंकू करायला बसली. "बंद पडला तर कॅमेऱ्यापुढे हा धरीन," म्हणाली. पुठ्ठ्याचा शंकू चांगला झाला होता, पण तो वाढदिवसाच्या टोपीसारखा दिसत होता, आणि हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

जमिनीच्या दाव्यात एक पद्धत आहे. कागद एक सांगतो, नकाशा दुसरं सांगतो, दोन्हीकडचे लोक तिसरं आणि चौथं सांगतात, तेव्हा तहसीलदार साहेब उठून जागेवर जातात. बांधावर उभं राहून बघतात. याला स्थळपाहणी म्हणतात. त्यात निम्मी भांडणं मिटतात, कारण बांधावर गेल्यावर कळतं की ज्या आंब्याबद्दल चर्चा चालली आहे तो फणस आहे.

मी ठरवलं की आता नोंदी वाचणं पुरे. पुढचा रविवार लॅपटॉपशेजारी बसून काढायचा. त्याला हात लावायचा नाही, उपचार करायचा नाही. एक फाइल मांडीवर घेऊन वाचल्यासारखं करायचं आणि नजर तिथे ठेवायची.

आमच्या घरात तिसरं माणूस म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. मूळचे भातशेतीवाले, घराण्यातले पहिले मास्तर. कशेळ्याच्या शाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. आजही कशेळ्याच्या बाजारात पन्नाशीतले बाप्ये त्यांना बघून विडी मागे लपवतात. बोलणं शाळेत प्रमाण, घरात गावचं. दिवसभर बाल्कनीत पेपर वाचतात, वाचून झाला की घडी घालून त्यावर चष्म्याचं घर ठेवतात. मुलाखतीबद्दल ते फारसं काही बोलत नव्हते. फक्त रोज सकाळी मला एकट्याला गाठून विचारायचे, "वकीलसाहेब, मशीन बरं हाय ना आज?"

त्या रविवारी बायको टेबलाशी सराव करत होती. शंकू फिरत होता, कापला जात होता, सगळं ठीक. कुकरने शिट्टी दिली. ती लॅपटॉप तसाच सोडून आत गेली.

बाल्कनीतून सासरे उठले. खोलीत आले. मी फाइलमध्ये तोंड घालून बसलो होतो. त्यांनी टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, जरा नापसंतीने मान हलवली. मग दोन्ही हातांनी हळूच झाकण मिटलं, त्यावरून तळवा फिरवला, तो कपाळाला लावला, आणि परत जाऊन पेपर उघडला.

कशेळ्याच्या शाळेत पुस्तक उघडं टाकून उठलेल्या मुलाला अंगठे धरून उभं केलं जायचं. पुस्तक उघडं राहिलं की विद्या निघून जाते. आमच्याही लहानपणी हे सांगितलं जायचं, आम्ही विसरलो. सासरे विसरले नाहीत. आमच्या घरात कुठलंही पुस्तक, वही, पंचांग, माझी कायद्याची टिपणं, कधीही उघडी सापडत नाहीत. याची आम्हाला इतकी सवय झाली होती की मिटलेला लॅपटॉप पाहून कोणाला काही वाटायचं कारणच नव्हतं. मी समजायचो तिने मिटला, ती समजायची मी मिटला.

बायको हात पुसत परत आली. झाकण उघडलं, पासवर्ड घातला, काम सुरू केलं. शंकू फिरला. चांगला फिरला. मग तिने तिरका छेद घेतला आणि पट्टे आले.

मी तिला खुणेने आत बोलावलं आणि कुकरच्या आडोशाने सगळं सांगितलं. ती आधी हसायला लागली, मग तोंडावर पदर धरला, मग एकदम थांबली.

"त्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, फक्त मिटू नका एवढंच..."

"तू ओळखत नाहीस त्यांना. आपल्यामुळे माझी मुलाखत जाणार होती असं कळलं तर ते उद्या कशेळ्याला निघून जातील. आणि पुन्हा या घरातल्या कशालाच हात लावणार नाहीत. त्यांना वाटतंय ते माझ्यासाठी काहीतरी करतायत."

मी बाल्कनीत जाऊन पुतण्याला फोन लावणार होतो. तिथे सासरे होते, म्हणून जिन्यात गेलो. झाकण मिटण्याबद्दल सांगितल्याबरोबर तो ओरडलाच.

"काका! सस्पेंड! मग आधी का नाही सांगितलं?"

"मला आत्ता कळलं रे."

त्याने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. झाकण मिटलं की मशीन झोपतं. उघडलं की उठतं. पण आमच्या या दांडग्या चिपला झोपेतून उठल्यावर आपण काय करत होतो हे धड आठवत नाही. हलकं काम असलं तर ती वेळ मारून नेते. अवघड काम पुढ्यात आलं की पितळ उघडं पडतं. मी प्रवासात लॅपटॉप पूर्ण बंद करून नेत होतो, म्हणून शिळफाट्यावर आणि खालापूरला तो कधी झोपलाच नव्हता. झोप त्याला फक्त घरी मिळत होती, सासऱ्यांच्या कृपेने.

यावर खरा उपाय ड्रायव्हरमध्येच होता, आणि पुतण्या तो लगेच करायला तयार होता. मी म्हटलं, मुलाखतीआधी पोट फाडायचं नाही, पट्टी बांध. पट्टी म्हणजे एका फाइलमधली एक ओळ: झाकण मिटल्यावर काय करायचं, त्यापुढे लिहायचं, काही नाही. सरकारी कामकाजात हे कलम सर्रास पाळलं जातं, पण इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलेलं मी प्रथमच पाहिलं.

ओळ लिहिली. आता पारख करायची होती, आणि ती सासऱ्यांच्याच हातून झाली तर खरी. बायकोने शंकू फिरत ठेवला आणि मोठ्याने "बघते भाजी" म्हणत आत आली. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहिलो. सासरे आले नाहीत. ती पुन्हा बाहेर गेली, जरा बसली, पुन्हा आत आली. सासरे पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते.

"बाबा, चहा घेता?" तिने आतून हाक मारली.

"घेतो गं. साखर बेताची."

"बाहेर टेबलावर ठेवते. या."

ते उठून आले, टेबलापाशी थांबले. त्यांनी झाकण मिटलं, तळवा फिरवला, कपाळाला लावला, आणि तिथूनच म्हणाले, "बाय, कितीदा सांगायचं? उघडं टाकून उठू नये."

"चुकलं, बाबा," ती दाराआडून म्हणाली. असं आनंदाने चुकलेलं मी तिला कधी पाहिलं नाही.

चहा झाल्यावर तिने झाकण उघडलं. शंकू फिरतच होता. आडवा छेद घेतला, तिरका घेतला, आणखी तिरका घेतला. जेवण झालं, भांडी झाली, तो फिरतच होता. मी सोफ्यावर आडवा झालो आणि कित्येक दिवसांनी दुपारी झोपलो.

मुलाखत सकाळची होती. बायकोने लग्नसमारंभाला नेसते ती साडी नेसली होती. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी बसलो. सासरे बाल्कनीच्या दारात, पेपर उलटा धरून.

समिती मुंबईतल्या एका हॉलमध्ये लांब टेबलामागे बसली होती. कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने झाली. ऑनलाइन मुलाखतीला दीपप्रज्वलन लागतं हे मला माहीत नव्हतं, पण आमच्याकडे पाणपोईलाही लागतं. अध्यक्ष काडी ओढत होते, वरचा पंखा ती विझवत होता. पंखा बंद करावा असं सगळ्यांना वाटत होतं आणि उकाड्यामुळे कोणी करत नव्हतं. शेवटी एका सदस्याने कॅमेऱ्याकडे पाठ करून वात पेटवली आणि अध्यक्षांनी पेटलेल्या समईला नमस्कार केला. नंतर अध्यक्षांचा परिचय झाला. तो उमेदवाराला करून देत होते की अध्यक्षांना, हे कळलं नाही. अध्यक्ष तो फार लक्ष देऊन ऐकत होते.

मग ती शिकवायला लागली. मी तिला वर्गात शिकवताना कधी पाहिलेलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा बायकोच्या वर्गात जाऊन बसत नाही. तिने समितीला मुलं समजूनच सुरुवात केली. "आइस्क्रीमचा कोन सगळ्यांनी पाहिलाय?" असं विचारलं, आणि अध्यक्षांनी नकळत मान डोलावली. शंकू फिरला. आडवा छेद, वर्तुळ. तिरका छेद, लंबवर्तुळ. मी पडद्याकडे बघत नव्हतो, पट्टे येतील या भीतीने तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर काही आलं नाही. अन्वस्तही झालं. पुठ्ठ्याचा शंकू टेबलाखाली तसाच राहिला.

"हे कुठलं विंडोज म्हणायचं?" एका सदस्याने विचारलं.

"विंडोज नाही सर. लिनक्स आहे."

टेबलामागे जराशी कुजबुज झाली. "लिनक्स," अध्यक्ष भारदस्तपणे म्हणाले, जणू एखाद्या जुन्या परिचिताची आठवण निघाली. "छान. आम्ही जरा विचारविनिमय करतो. आपण थांबा."

ती पाणी प्यायला आत गेली. मी मागोमाग गेलो, पेला भरून दिला. आणि आम्ही दोघंही विसरलो की लॅपटॉप टेबलावर उघडा आहे.

सासरे विसरले नाहीत. झाकण मिटल्याचा टक् असा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पण पुढच्याच क्षणी बाहेरून वेगळाच आवाज आला.

"आगं बाय! मिटलं तरी बोलतंय हे!"

आम्ही धावत बाहेर गेलो. सासरे दोन पावलं मागे सरकून उभे होते. मिटलेल्या लॅपटॉपच्या पोटातून समिती बोलत होती. माइक बंद करायचं तिकडे कोणाला सुचलं नव्हतं, आणि इकडची ओळ आपलं काम चोख करत होती: झाकण मिटलं, काही झालं नाही.

"शिकवतात बाई चांगलं," लॅपटॉप म्हणत होता.

"आवाजही खणखणीत आहे. त्या वर्गाला लागतो."

"वय?"

"बसतंय. काठावर, पण बसतंय."

"मग घ्या ना. अजून किती जण राहिलेत?"

"दोघं. पण साहेब, इडल्या आल्यात."

"गार करू नका. बाईंचं नाव वर ठेवा."

बायको टेबलाची कड धरून उभी होती. सासरे तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग लॅपटॉपकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यात भीतीही होती.

"मी मिटलं म्हणून काय बिघडलं तर नाय ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "बरं झालं मिटलंत."

तिने डोळे पुसले, खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि झाकण उघडलं. समिती लगेच ताठ बसली. एका सदस्याने बशी टेबलाखाली घेतली.

अध्यक्ष खाकरले. "आपल्या पाठाच्या सर्व बाबींचा समितीने साकल्याने विचार केला आहे," ते म्हणाले. "निर्णय आपणास यथावकाश कळवण्यात येईल."

"आभारी आहे सर," ती म्हणाली. तिने चेहरा इतका गंभीर ठेवला की मला तिचा अभिमान वाटला.

यथावकाश कळवण्यात आलं. जूनमध्ये ती कायम शिक्षिका म्हणून रुजू झाली. पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, संस्थेची उज्ज्वल परंपरा सांगितली, तंत्रज्ञानाच्या युगात अशा शिक्षकांची नितांत गरज असल्याचं सांगितलं, आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला लिनक्स येतं ना? मग ऑफिसचा प्रिंटर जरा बघता का? महिनाभर बंद आहे."

तिने जाऊन पाहिला. भिंतीवरचं बटण बंद होतं.